इंद्रायणीकाठचे विद्यापीठ

रोहिणीचे दिवस सरत आले आणि मृगाचे पहिले ढग राजमाचीच्या माथ्यावर दाटू लागले, की मावळात घरोघरी बियाण्याच्या भाताची कणगी उघडली जाते. अशा वेळी एखाद्या शेतकऱ्याच्या ओसरीवर, कृषी महाविद्यालयातून गावात मुक्कामाला आलेली एखादी विद्यार्थिनी बादलीत 10 लिटर पाणी घेते, त्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवते आणि बियाण्याचे भात त्यात ओतून ढवळते. क्षणभरात पाणी स्थिरावते. पोकळ, अर्धवट भरलेले आणि रोगट दाणे वर तरंगतात आणि भरदार, वजनदार दाणे तळाशी बसतात. वरचे दाणे काढून टाकावयाचे, तळचे दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावयाचे, एवढाच काय तो प्रयोग. परंतु ज्या घरात सुपाने पाखडून, हलके दाणे वाऱ्यावर सोडून बियाणे निवडण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्या घरातील वृद्धेला या प्रयोगाचे मर्म समजावून सांगावे लागत नाही. जे काम तिच्या हातचे सूप वाऱ्याच्या साह्याने करीत होते, तेच काम हे मिठाचे पाणी अधिक काटेकोरपणे करते, हे ती पाहताक्षणीच ओळखते.

या मुलींना गावात ‘कृषिकन्या’ म्हणतात आणि मुलांना ‘कृषिदूत’. पदवीच्या अखेरच्या वर्षातील काही महिने त्यांनी खेड्यात राहावे, शेतकरी कुटुंबाच्या दिनक्रमात मिसळावे, गावाचा नकाशा अंगणात रांगोळीने रेखून त्यात विहिरी, ओढे, वाड्या आणि खाचरे दाखवावीत, आणि वर्गात शिकलेले शिवारात पारखून घ्यावे, अशी या ग्रामीण कार्यानुभवाची योजना आहे. अध्यापन, संशोधन आणि विस्तार अशी कृषी विद्यापीठाची तीन कर्तव्ये मानली जातात. त्यांपैकी तिसऱ्याचे, म्हणजे विस्तारशिक्षणाचे, हे सर्वांत साधे आणि सर्वांत बोलके रूप होय.

विद्यापीठाने आपल्या आवाराबाहेर पडून लोकांच्या दारी जावे, ही कल्पना इंग्लंडमध्ये 1873 साली केंब्रिज विद्यापीठाने जेम्स स्टुअर्ट यांच्या प्रेरणेने अमलात आणली. कामगारांसाठी आणि स्त्रियांसाठी गावोगावी व्याख्याने देण्यापासून तिचा आरंभ झाला. अमेरिकेत 1862 च्या कायद्याने सरकारी जमिनीच्या उत्पन्नावर शेतकी महाविद्यालये उभी राहिली, आणि 1914 च्या कायद्याने त्या महाविद्यालयांतील ज्ञान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत आणि गृहिणीच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचविण्याची देशव्यापी व्यवस्था झाली. परंतु आपल्याकडे या विचाराची वाट केवळ परदेशातून आली असे मानणे योग्य ठरणार नाही. ‘शेतकऱ्याचा असूड’ या 1883 च्या ग्रंथात महात्मा जोतीराव फुल्यांनी कुणब्यांच्या दारिद्र्याची मीमांसा करून, शेतीचे शिक्षण, शेतमालाची प्रदर्शने, परीक्षा आणि बक्षिसे यांचा आग्रह धरला होता. 1968 साली राहुरीस स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला त्यांचेच नाव लाभावे, हे सर्वथा उचित झाले. खुद्द मावळातील तळेगाव दाभाडे येथे विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय नांदत होते. ते 1910 साली सरकारने बंद पाडले. लोकांच्या पैशा-पैशाच्या वर्गणीतून उभा राहिलेला पैसा फंडाचा काच कारखानाही 1908 साली तेथेच सुरू झाला. विद्या आणि उद्योग यांची सांगड जनतेच्या बळावर घालण्याचा प्रयत्न या मुलखाला नवा नाही.

तरीही विस्तार म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यावयाचे तर पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचा एक जुना दाखला विसरता येत नाही. 1907 ते 1918 या काळात डॉ. हॅरॉल्ड मान हे त्या महाविद्यालयाचे प्राचार्य होते. मावळात आणि कोकणात भाताची रोपे वाढविण्यापूर्वी जमिनीवर झाडांचे टहाळे, पालापाचोळा आणि शेण पसरून ते भाजण्याची, म्हणजेच ‘राब’ करण्याची, रीत फार प्राचीन आहे. तिच्यामुळे झाडांची छाटणी होते, शेण जळून जाते, हे दोष वरवर पाहणाऱ्याला सहज दिसतात. मान आणि त्यांचे सहकारी जोशी व कानिटकर यांनी मात्र त्या रीतीला अडाणीपणा म्हणून निकालात काढले नाही. भाजणीने मातीत कोणते फरक होतात, शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या हा खटाटोप का करीत आला असावा, याचा त्यांनी प्रयोगशाळेत आणि शेतात शोध घेतला व आपले निष्कर्ष 1912 साली प्रसिद्ध केले. पुढे मान व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी केली. मावळात उगम पावलेली पवना ज्या गावाच्या काठाने वाहते, त्याच या गावी जमाबंदीची जुनी दफ्तरे तपासता त्यांना असे आढळले, की 1771 साली खातेदाराकडे सरासरी 40 एकर जमीन होती, ती 1915 च्या सुमारास 7 एकरांवर येऊन ठेपली होती. 1917 साली ग्रंथरूपाने आलेल्या या पाहणीने रयतेच्या दैन्याचे कारण तिच्या आळसात नसून जमिनीच्या तुकड्यांत आणि कर्जाच्या ओझ्यात आहे, हे आकड्यांनिशी दाखविले. शिकविण्यापूर्वी पाहावे, आणि पाहण्यापूर्वी आपल्याला सर्व कळते हा समज दूर ठेवावा, ही विस्ताराची पहिली पायरी त्या काळी येथेच घातली गेली.

याच पायरीवरून पुढे गेलेले कार्य आज मावळात डोळ्यांना दिसते. राहुरीच्या विद्यापीठाची दोन कृषी संशोधन केंद्रे या एकाच तालुक्यात आहेत, एक वडगाव मावळ येथे आणि दुसरे लोणावळ्यास. एका तालुक्यात दोन केंद्रे कशासाठी, असा प्रश्न ज्याने पावसाळ्यात लोणावळा ते वडगाव हा प्रवास केला आहे त्याला पडणार नाही. घाटमाथ्यावरील लोणावळ्यास वर्षाकाठी सरासरी 4000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि तेथून पंचवीस-तीस किलोमीटर पूर्वेस, वडगाव-तळेगावच्या बाजूस, त्याचे मान कितीतरी उतरते. जे वाण वडगावच्या खाचरात डोलते, ते लोणावळ्याच्या अखंड धुक्यात आणि ओलाव्यात करप्याला बळी पडू शकते. म्हणून करप्यासारख्या रोगांपुढे कोणते वाण टिकते, याची खरी कसोटी लोणावळ्याच्या हवेतच लागते.

वडगावच्या केंद्राने या मुलखाला जे दिले, त्याचे नाव महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचले आहे. मावळ-मुळशीचा आंबेमोहोर म्हणजे शिजताना आंब्याच्या मोहोराचा सुगंध घरभर पसरविणारा तांदूळ. परंतु त्याचे रोप उंच, वाऱ्यापावसात लोळणारे, आणि उत्पन्न बेताचे. दुसरीकडे फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 1966 साली दिलेले आय.आर. 8 हे वाण बुटके, ताठ आणि भरघोस पिकणारे. परंतु सुगंधाचे त्याला वावडे. या दोहोंचा, म्हणजे आंबेमोहोर 157 आणि आय.आर. 8 यांचा, संकर करून, त्यांच्या संततीतून पिढ्यान्‌पिढ्या निवड करीत जे वाण सिद्ध झाले, ते 1987 साली शेतकऱ्यांच्या हाती आले, आणि लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या परिसरात उगम पावून देहू-आळंदीस जाणाऱ्या नदीचे नाव त्याला मिळाले, इंद्रायणी. येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. संकरातून निवडून स्थिर केलेले हे वाण आहे. बाजारात मिळणाऱ्या संकरित बियाण्याप्रमाणे ते दरसाल विकत घ्यावे लागत नाही. शेतकऱ्याने भेसळ काढून, शुद्धता राखून आपल्या घरचे बियाणे पुढल्या हंगामाला ठेवले, तरी ते तेच गुण घेऊन उगवते. एकदा दिलेले ज्ञान घेणाऱ्याच्या मालकीचे व्हावे, याहून विस्ताराचे अधिक चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

वाणाइतकेच महत्त्व लागवडीच्या पद्धतीला आहे. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली ‘चारसूत्री’ भातलागवड सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या भातकऱ्यांपर्यंत पोहोचली ती अशाच प्रात्यक्षिकांतून. भाताचेच अवशेष, म्हणजे तुसाची काळी राख रोपवाटिकेत आणि पेंढा खाचरात, मातीला परत द्यावे, हे पहिले सूत्र. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला चिखलणीत गाडावा, हे दुसरे. दोरी धरून 15 आणि 25 सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर, एका चुडात दोन-तीनच रोपे लावून नियंत्रित लावणी करावी, हे तिसरे. आणि चार चुडांच्या मधोमध, 7 ते 10 सेंटिमीटर खोल, युरिया व डी.ए.पी. यांची दाबून केलेली 2.7 ग्रॅमची एक गोळी खोचावी, हे चौथे. हेक्टरी सुमारे 62,500 गोळ्या, म्हणजे अवघे 170 किलोच्या आसपास खत पुरते, कारण वर फेकलेल्या खताप्रमाणे ते पावसाच्या पाण्याबरोबर बांधावरून वाहून जात नाही. मुळांच्या कुशीत राहून हळूहळू विरघळते. ज्या घाटमाथ्यावर एका रात्रीच्या पावसाने खाचरे ओसंडून वाहतात, तेथे या साध्या युक्तीचे मोल किती, हे वेगळे सांगावयास नको.

असे असूनही पुष्कळ खाचरांत आजही मूठमूठभर रोपे हाताला येतील तशी लावली जातात, आणि खत फेकूनच दिले जाते. याचा दोष शेतकऱ्याच्या हट्टाला देण्याची सवय सुशिक्षितांना फार आहे. पण लावणीच्या दिवसांत बांधावर उभे राहून पाहावे. पाऊस अंगावर कोसळत असतो, घरची माणसे अपुरी पडत असतात. पूर्वी इर्जिकीला, म्हणजे एकमेकांच्या शेतातील सामूहिक कामाला, धावून येणारा भाऊबंद आता तळेगाव-चाकणच्या कारखान्यात पाळीवर गेलेला असतो, आणि उशीर झाला तर रोपे दाढेतच, म्हणजे रोपवाटिकेतच, पिवळी पडतात. त्या घटकेला दोरी ताणून धरण्यास दोन माणसे आणि गोळ्या खोचण्यास आणखी एक कोठून आणावा, हा शेतकऱ्याचा प्रश्न हिशेबाचा आहे, हट्टाचा नव्हे. त्याचे उत्तर व्याख्यानात नाही. गोळ्या वेळेवर गावात मिळण्याची तजवीज, लावणीचे श्रम कमी करणारे अवजार आणि एकमेकांच्या शेतात राबण्याची नव्याने बांधलेली रीत यांत ते आहे. हा प्रश्न गावाने विद्यापीठाला विचारावा आणि विद्यापीठाने तो संशोधनाच्या पटावर घ्यावा, तेव्हा विस्ताराचे वर्तुळ पुरे होते.

कृषी विद्यापीठाखेरीज इतरांचाही यात वाटा आहे. 1949 साली बॅरिस्टर जयकरांच्या कुलगुरुपदाखाली सुरू झालेल्या पुणे विद्यापीठाने बहिःशाल शिक्षण मंडळामार्फत त्यांच्याच नावाच्या व्याख्यानमाला गावोगावी नेल्या. 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 37 विद्यापीठांतील 40,000 विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्या सात दिवसांच्या श्रमसंस्कार शिबिरांतून शहरी मुलांनी खेड्यांतील ओढ्यांवर पोत्यांचे वनराई बंधारे बांधणे ही आता परिचित गोष्ट झाली आहे. पोती मातीने भरून, तोंडे शिवून, एकमेकांवर रचताना ज्याच्या तळहाताला फोड येतात, तो विद्यार्थी पाण्याचे मोल पुस्तकाबाहेर शिकतो. परंतु बंधारा पुढल्या पावसात वाहून जातो, आणि शिबिर संपले की पुढल्या वर्षी दुसरे गाव निवडले जाते, तेव्हा गावाच्या मनात एक रितेपणा उरतो. एकाच गावाशी दहा वर्षांचे नाते जोडणे हे दहा गावांना एकेकदा भेट देण्याहून अधिक फलदायी होय, असे मला मनापासून वाटते.

आणि हे नाते शेतकऱ्याशी जोडावयाचे म्हणजे केवळ सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्या पुरुषाशी नव्हे. बियाणे पाखडणारी, दाढ राखणारी, गुडघाभर चिखलात वाकून दिवसभर लावणी करणारी, कापणीनंतर पुन्हा कणगी भरून ठेवणारी ती घरची बाई आहे. पण चावडीवरच्या सभेला ती नसते, कारण सभेची वेळ आणि तिच्या शेतातून परतण्याची वेळ एक असते. परभणीच्या गृहविज्ञान महाविद्यालयासारख्या संस्थांनी आहार, बालसंगोपन आणि स्त्रियांचे श्रम हलके करणारी साधने हे अभ्यासाचे विषय मानले, ते याच जाणिवेने. मावळात आज द्रुतगती मार्गाच्या दोन्ही बाजूंना जमिनींचे व्यवहार होत आहेत, बंगल्यांची कुंपणे खाचरांना येऊन भिडली आहेत, आणि एकेका फेरफाराबरोबर सातबाऱ्यावरील नावे वाढून वाट्याला गुंठे उरत आहेत. ज्या कुटुंबाला एक-दोन एकरांत संसार चालवावयाचा आहे, त्याला भाताच्या जोडीला परसबाग, गुलाबाचे हरितगृह, घरगुती प्रक्रिया, हातसडीच्या तांदळाची थेट विक्री, असे अनेक मार्ग एकत्र जोडावे लागतील. तळेगावच्या राष्ट्रीय सुगीपश्चात तंत्रज्ञान संस्थेसारखी प्रशिक्षणाची सोय हाताशी असताना, संध्याकाळी, अंगणात, बायकांच्या सोयीने वर्ग भरविणे कोणत्याही संस्थेला अशक्य नाही.

दिवाळीच्या आगेमागे कापणी होते, झोडणी होते, आणि उत्तम लोंब्यांचे भात बाजूला काढून घरची बाई ते कणगीत भरते, वरून कडुनिंबाचा पाला टाकते आणि शेणाने तोंड लिंपून घेते. त्या कणगीवर कोणत्याही विद्यापीठाचा शिक्का नसतो. वडगावच्या केंद्रातील संशोधकांची वर्षानुवर्षांची निवड तिच्या आत असते आणि त्या बाईच्या आजीने सुपाने केलेली निवडही असते. दोहोंना निराळे करता येत नाही. पुढल्या रोहिणीत ती कणगी उघडली जाईल, बादलीत मीठ विरघळेल, आणि तळाशी बसलेल्या दाण्यांत इंद्रायणी पुन्हा उगवण्याची वाट पाहत असेल.