लघुउद्योजकाचा मानसिक भार : स्वरूप व उपाय

प्रस्तावना :
लघुउद्योगाचा अभ्यास करताना भांडवल, तंत्रज्ञान व बाजारपेठ या घटकांचा विचार प्रामुख्याने केला जातो. ज्या एका व्यक्तीच्या डोक्यात तो उद्योग चालतो, तिच्या मनाचा विचार मात्र क्वचितच होतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात दोन-तीन लेथ चालविणारा वर्कशॉपमालक उदाहरणादाखल घेता येईल. मोठ्या कारखान्यात खरेदी, उत्पादन, हिशोब व वसुली यांसाठी स्वतंत्र विभाग असतात. येथे ही सर्व कामे एकाच व्यक्तीकडे असतात. कामगार उद्या येईल का, मागील बिलाचे पैसे कधी मिळतील, विवरणपत्र भरले का, हे प्रश्न रात्री अंथरुणावरही त्याची पाठ सोडत नाहीत. प्रस्तुत लेखात या भाराचे स्वरूप व त्यावरील उपाय यांचे विवेचन केले आहे.

भाराचे स्वरूप :
मनुष्य एका वेळी साधारणतः सात गोष्टी ध्यानात ठेवू शकतो, असे जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये मांडले. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ही मर्यादा सुमारे चारपर्यंत खाली आणली. म्हणजेच वर्कशॉपमालकाची दैनंदिन कामांची यादी या मर्यादेपलीकडची असते. मासिकॅम्पो व बॉमायस्टर यांच्या २०११ च्या संशोधनानुसार अपूर्ण उद्दिष्टे इतर कामांत विचारांची लुडबुड करतात. मात्र ती केव्हा व कशी पूर्ण करायची याची निश्चित योजना आखल्यास, काम पूर्ण होण्यापूर्वीच ही लुडबुड थांबते. पैशाची चणचणही बुद्धीवर भार टाकते. तमिळनाडूतील ऊसउत्पादक शेतकऱ्यांच्या अभ्यासात (२०१३) एकाच शेतकऱ्याची आकलनविषयक कामगिरी तोडणीपूर्वी कमी व तोडणीनंतर अधिक आढळली. यावरून असे म्हणता येईल की, हा भार स्वभावदोष नसून परिस्थितीची निष्पत्ती होय.

उपाययोजना :
१. लेखन : रोजकीर्द व खतावणी यांची जुनी परंपरा केवळ हिशोबाची नव्हती, स्मरणाचे ओझे मनावरून कागदावर उतरविण्याची ती व्यवस्था होती. तोच न्याय इतर कामांना लावावा. वर्कशॉप बंद करण्यापूर्वी प्रत्येक अपूर्ण काम, त्याचा दिवस व पुढील पायरी वहीत लिहावी.

२. वेळेची निश्चिती : वसुलीचे फोन, हिशोब व खरेदी यांसाठी आठवड्यातील ठराविक वेळ राखावी. वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांपर्यंत असलेल्या व्यावसायिकास जीएसटीची विवरणपत्रे तिमाही भरण्याचा पर्याय जानेवारी २०२१ पासून उपलब्ध आहे. कर दरमहा भरावा लागत असला, तरी विवरणपत्रांची संख्या घटते.

३. निर्णयांची वाटणी : ठराविक रकमेपर्यंतची किरकोळ खरेदी अनुभवी कामगाराने न विचारता करावी, असा नियम घालून दिल्यास मालकाचे अनेक छोटे निर्णय कमी होतात.

४. कायद्याचा आधार : थकीत येणे वहीत लिहिल्याने वसूल होत नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाच्या कलम १५ नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे देणे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांत चुकते करणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. विलंब झाल्यास कलम १६ नुसार बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. यासाठी उद्यम नोंदणी वेळीच करावी. मात्र एकाच मोठ्या ग्राहकावर अवलंबून असलेला मालक, पुढील काम जाईल या भीतीने, तक्रार करण्यास कचरतो. म्हणून ग्राहकांची संख्या वाढविणे हा व्यावसायिक तसाच मानसिक स्वास्थ्याचाही उपाय ठरतो.

झोप उडणे, चिडचिड वा निराशा दीर्घकाळ राहिल्यास मात्र तज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही विनामूल्य शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

समारोप :
मालकाला केवळ ‘ताण घेऊ नका’ असे सांगणे निरर्थक होय. स्मरणाचा भार वहीने, निर्णयांचा भार वाटणीने व थकबाकीचा भार कायद्याच्या आधाराने हलका होतो. त्याच्या एका चुकीच्या निर्णयाची झळ कामगारांच्या घरांनाही पोहोचते. म्हणूनच उद्योजकता विकासाच्या अध्यापनात प्रकल्प अहवालाइतकेच या विषयालाही स्थान मिळणे आवश्यक आहे.