लॅपटॉप मोडींत काढण्यापूर्वीं

पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली म्हणून कोणतीही शहाणी गृहिणी तें पातेलें मोडींत घालीत नाहीं. कल्हई लावून घेऊन तें पुन्हां वापरांत आणते. घरांतील लॅपटॉपच्या बाबतींत मात्र हा संसारी शहाणपणा आपण विसरतों, असें आम्हांस वाटतें. यंत्र तासाभरांत मान टाकूं लागलें, किंवा सुरू होण्यास पांच मिनिटें घेऊं लागलें, कीं “आतां हें जुनें झालें” असा निकाल दिला जातो आणि ४०-५० हजार रुपयांच्या खर्चाची सिद्धता होते. एकत्र कुटुंबांत हा प्रश्न अधिकच नाजूक असतो. एकाच यंत्रावर सकाळीं कोणाच्या कचेरीचें काम, दुपारीं मुलांचा अभ्यास आणि रात्रीं वडीलधाऱ्यांचें परदेशस्थ नातवंडांशीं बोलणें, अशी पाळी लागलेली असते. तें अडलें म्हणजे पहिली कुरबूर पाळीवरून होते आणि दुसरी पैशावरून. हा खर्च खरोखर अटळ आहे कीं नाहीं, हें घरच्या घरीं कसें पारखावें, तें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

झिजतें काय?

लॅपटॉपमधील गणनयंत्र, पडदा आणि स्मृतिपट्ट्या यांस नीट वागविलें तर त्या सहज आठ-दहा वर्षें टिकतात. खात्रीनें झिजणारा अवयव एकच, तो म्हणजे बॅटरी. तिचें अंतरंग समजलें कीं तिची निगा कशी राखावी हें वेगळें पाठ करावें लागत नाहीं.

आजच्या लॅपटॉपांत लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. ती प्रथम १९९१ सालीं सोनी कंपनीनें बाजारांत आणली. तिचा पाया घालणारे स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ व अकिरा योशिनो या तिघां शास्त्रज्ञांस २०१९ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या वेळीं गुडइनफ यांचें वय ९७ वर्षांचें होतें. नोबेल मिळविणाऱ्यांत तेच सर्वांत वयोवृद्ध होत.

या बॅटरींत एका बाजूस ग्राफाइटचे व दुसऱ्या बाजूस धातूच्या ऑक्साइडचे थर असतात. बॅटरी भरतांना लिथियमचे विद्युत्भारित कण ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात. वापरतांना ते उलट परततात. या येरझारांत ग्राफाइटवर एक पातळ पापुद्रा धरतो. तो आवश्यकच असतो, परंतु तो हळूहळू जाड होत जातो आणि त्यांत थोडें थोडें लिथियम कायमचें अडकून पडतें. बॅटरीचें वार्धक्य तें बहुतांशीं हेंच. पापुद्रा वाढण्यास दोन गोष्टींनीं विशेष जोर येतो: उष्णता, आणि बॅटरी सदोदित पूर्ण भरलेली असणें. निगेचे पुढील सर्व नियम या दोन कारणांतूनच निघतात.

निगेचे नियम

पहिला नियम असा कीं, लॅपटॉप बहुतेक वेळ मेजावर विजेस जोडूनच वापरला जात असेल, तर बॅटरी शंभर टक्के भरूं देऊं नये. लेनोवो, डेल, एचपी, आसूस यांच्या पुष्कळ यंत्रांत भरणी ८० टक्क्यांच्या सुमारास थांबविण्याची सोय असते. ती एकदां चालू करून ठेवावी. प्रवासाच्या आदल्या रात्रीं मात्र खुशाल पूर्ण भरावी; एखाद्या दिवसाच्या पूर्ण भरणीनें कांहीं बिघडत नाहीं.

दुसरा नियम एका जुन्या समजुतीविषयीं आहे. बॅटरी पूर्ण रिकामी करूनच पुन्हां भरावी, असें अनेक घरांतून अजून सांगितलें जातें. हा सल्ला पूर्वींच्या निकेल-कॅडमियम बॅटरीसाठीं योग्य होता. लिथियम-आयन बॅटरीस तो उलट बाधतो. ती २० टक्क्यांवर आली कीं जोडावी, हें उत्तम.

तिसरा नियम उष्णतेचा. अ‍ॅपल कंपनी आपल्या लॅपटॉपसाठीं भोंवतालचें तापमान १० ते ३५ अंश सेल्सिअस असावें असें सांगते. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, तेव्हां उन्हांत उभ्या मोटारींत लॅपटॉप ठेवणें म्हणजे बॅटरीचें आयुष्य जाणूनबुजून कमी करणेंच होय. गादीवर किंवा रजईवर यंत्र ठेवून काम केल्यास खालचीं हवेचीं छिद्रें बुजतात व आंतील पंख्याचा श्वास कोंडतो. पाट किंवा साधा लांकडी फळा खालीं घेतला तरी हें टळतें.

चौथा नियम सुटीचा. महिना-दोन महिने यंत्र बंद राहणार असेल, तर बॅटरी निम्मी भरलेली ठेवून तें थंड व कोरड्या जागीं ठेवावें.

परीक्षा कशी करावी?

बॅटरीची क्षमता वॅट-तासांत मोजतात. बॅटरी ५० वॅट-तासांची असेल आणि यंत्र सरासरी १० वॅट वीज खात असेल, तर तें ५ तास चालेल. २० वॅट खात असेल, तर अडीच तास. म्हणून पडद्याचा उजेड कमी करणें आणि नको असलेले कार्यक्रम बंद करणें एवढ्यानेंही त्याच दिवशीं फरक दिसतो.

विंडोज असलेल्या यंत्रांत आज्ञापटलावर इंग्रजी अक्षरांत ‘पॉवरसीएफजी’ लिहून, एक जागा सोडून, तिरपी रेघ व ‘बॅटरीरिपोर्ट’ असें लिहिलें म्हणजे एक अहवाल तयार होतो. त्यांत बॅटरीची मूळ क्षमता व पूर्ण भरल्यावरची सध्यांची क्षमता असे दोन आंकडे असतात. समजा, मूळ क्षमता ५० वॅट-तास व सध्यांची ३६ असेल, तर ७२ टक्के शिल्लक आहे. साधारणतः या बॅटऱ्या ३०० ते ५०० आवर्तनांनंतर मूळच्या सुमारें ८० टक्क्यांवर येतात. अ‍ॅपल आपल्या अलीकडच्या मॅकबुकांसाठीं १००० आवर्तनें धरते. एक आवर्तन म्हणजे शंभर टक्के क्षमतेइतका वापर, मग तो एका दिवसांत होवो वा चार दिवसांत. शिल्लक क्षमता निम्म्यावर आली असेल आणि यंत्र बाहेर न्यावें लागत असेल, तर बॅटरी बदलावी. यंत्र घरींच राहणार असेल, तर तेवढीही घाई नाहीं.

बॅटरी फुगली असेल, म्हणजे टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळाचा पत्रा वाकला असेल, तर मात्र एक दिवसही थांबूं नये. आंतील द्रवाचें विघटन होऊन वायु सांचल्यामुळें असें होतें, आणि त्यांतून आग लागण्याचा संभव असतो. चार्जर काढून यंत्र बंद करावें, बॅटरी दाबूं किंवा टोचूं नये, मुलांना दूर ठेवावें आणि जाणत्या कारागिराकडूनच ती काढवून घ्यावी. नवी बॅटरी घेतांना मॉडेलचा क्रमांक व व्होल्टता जुळवून पाहावी, आणि भारतीय मानक ब्युरोचें नोंदणी-चिन्ह आहे कीं नाहीं हेंही पाहावें. चार्जरसही हेंच लागू आहे. ६५ वॅटच्या यंत्रास कमी वॅटचा चार्जर लावला तर भरणी रेंगाळते किंवा होतच नाहीं.

मंदपणावर उपाय

यंत्र मंद झालें असेल तर दोष बहुधा दोन ठिकाणीं असतो. स्वयंपाकघराची उपमा घेऊं. रॅम म्हणजे ओटा आणि डिस्क म्हणजे कोठीची खोली. ओटा लहान असेल तर जिन्नस वारंवार कोठींत ठेवावा व पुन्हां आणावा लागतो. त्यांतून कोठी लांब असेल तर सगळा स्वयंपाकच खोळंबतो. जुन्या यंत्रांत फिरत्या तबकडीची डिस्क असते. तिला हवी ती नोंद शोधण्यास सेकंदाचा सुमारें शंभरावा भाग लागतो. एसएसडींत फिरणारा भागच नसल्यामुळें तेंच काम सुमारें दहा-हजाराव्या भागांत होतें. चार गिगाबाइटच्या ओट्याचे आठ किंवा सोळा केले आणि तबकडीच्या जागीं एसएसडी बसविली, तर सात-आठ वर्षांचें यंत्रही लिहिण्या-वाचण्याच्या व अभ्यासाच्या कामास पुन्हां चपळ होतें. नव्या यंत्राच्या मानानें हा खर्च पुष्कळच कमी असतो.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे सध्यांचा डॉ. भडकमकर मार्ग, आणि पुण्याची तपकीर गल्ली येथें हे भाग मिळतात. तेथें जाण्यापूर्वीं दोन गोष्टी विचारून ठेवाव्यात. डीडीआर-३, डीडीआर-४ व डीडीआर-५ या रॅमच्या जाती एकमेकींच्या खांचेंत बसत नाहींत. आणि कित्येक सडपातळ लॅपटॉपांत रॅम मूळ पटावरच डाख देऊन बसविलेली असते, तेथें ती वाढवितां येत नाहीं. डिस्क बदलण्याआधीं घरांतील प्रत्येकाचीं कागदपत्रें व छायाचित्रें दुसरीकडे उतरवून घ्यावींत. मुंजीचीं, लग्नाचीं छायाचित्रें एकदां गेलीं कीं तीं कोणत्याही बाजारांत मिळत नाहींत.

केव्हां निरोप द्यावा?

मूळ पट बिघडला असेल, किंवा रॅम चार गिगाबाइट असून वाढवितांच येत नसेल, तर मोह सोडावा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि पुष्कळ जुनीं यंत्रें विंडोज ११ च्या अटींत बसत नाहींत. तेवढ्यावरून मात्र त्यांस टाकूं नये. लिनक्स ही प्रणाली विनामूल्य मिळते व अशा यंत्रांवर उत्तम चालते. जुनी बॅटरी घरच्या केरांत टाकणें धोक्याचें आहे. २०२२ च्या बॅटरी-कचरा व्यवस्थापन नियमांनीं ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे, त्याचा लाभ घ्यावा.

आमची वाचक-कुटुंबांस एकच सूचना आहे. सामायिक यंत्र म्हणजे कोणाचेंच नव्हे, अशी स्थिति होऊं देऊं नये. घरांतील एका मुलावर किंवा मुलीवर त्याची जबाबदारी सोंपवावी, दर सहा महिन्यांनीं बॅटरीचे ते दोन आंकडे वहींत तारखेसह लिहून ठेवण्यास सांगावें, आणि नव्या खरेदीची गोष्ट निघेल त्या दिवशीं ती वही सर्वांसमक्ष उघडावी.