खटका पडतो तेव्हा

आमच्या लहानपणी वसईच्या घरातली वीज गेली, की अब्बा स्टुलावर चढत. मी खाली मेणबत्ती धरून उभा. चिनी मातीचा किटकॅट ओढून ते जळालेल्या तारेच्या जागी नवी तार गुंडाळीत. फ्यूज सारखा उडू नये म्हणून कधी तारेचे दोन पदर घालीत. आम्हाला ती हुशारी वाटे. खरे तर त्या दुसऱ्या पदराने फ्यूजचे कामच काढून घेतले होते. तार वितळण्याआधी भिंतीतली वायर तापून पेटली असती.

आज किटकॅटच्या जागी एमसीबी आला. हुगो श्टोट्झ यांच्या मानहाइम शहरातल्या कंपनीने 1924 साली त्याचे पेटंट घेतले. त्या इवल्याशा डबीत दोन पहारेकरी बसलेले असतात, आणि दोघांचे स्वभाव अगदी वेगळे.

पहिला सबुरीचा. दोन निरनिराळ्या धातूंची एकमेकींना चिकटवलेली पट्टी. तापल्यावर एक धातू जास्त फुगतो, दुसरा कमी. म्हणून पट्टी विस्तवावरच्या पापडासारखी वळते आणि खटका पाडते. समजा, 16 अँपिअरच्या एका खटक्यावर 2000 वॉटचा गीझर, 1000 वॉटची इस्त्री आणि 1800 वॉटची इंडक्शन शेगडी एकदम चालू आहे. (रमजानमध्ये सहेरीच्या वेळी आमच्याकडे असेच होते!) 230 व्होल्टला हा भार जवळजवळ 21 अँपिअर होतो. खटका लगेच पडत नाही. पट्टी हळूहळू तापते, आणि काही वेळाने अंधार.

दुसरा पहारेकरी तापट. तारेचे वेटोळे, म्हणजे विद्युतचुंबक. दोन तारा एकमेकींना चिकटल्या, शॉर्टसर्किट झाले, की प्रवाह एकदम अनेक पटींनी वाढतो. पट्टी तापण्याची वाट कोण बघणार? चुंबक क्षणार्धात खटका ओढतो. डबीवर ‘सी 16’ लिहिलेले असेल, तर साधारण पाच ते दहा पट प्रवाहाला तो असा झटक्यात पडतो.

म्हणून खटका कसा पडला, हे आधी आठवावे. थोड्या वेळाने पडला असेल तर भार जास्त आहे. एकदोन उपकरणे बंद करावीत, पट्टी निवायला पाच मिनिटे द्यावीत, मग दांडी पूर्ण खाली दाबून वर करावी. अर्धवट राहिलेली दांडी नुसती वर ढकलून बसत नाही. वर करताच पुन्हा पडला, तर मात्र हट्ट नको. बोटाने दाबून धरण्यातही अर्थ नाही; दांडी वर धरली तरी आतला खटका सुटतोच, त्याची रचनाच तशी असते. आणि 16 चा पडतो म्हणून 32 चा बसवणे म्हणजे अब्बांचे दोन पदर. वायर तीच राहते ना!

आणखी एक गैरसमज. एमसीबी वायर वाचवतो, माणसाला शॉकपासून वाचवण्याची त्याच्यावर भिस्त ठेवू नये. त्यासाठी आरसीसीबी हे वेगळे उपकरण लागते. घरात साधारण 30 मिलिअँपिअरचे बसवतात. जुलै 2018 मध्ये वसई-विरार पाण्यात गेले, तेव्हा अनेक भागांत वीज बंद ठेवावी लागली होती. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी पाणी उंबऱ्याशी येण्याआधीच, कोरड्या जागी उभे राहून, मेन स्विच बंद करावा. बुडालेला एमसीबी वरून वाळलेला दिसला तरी वापरू नये. आत गाळ बसतो, गंज चढतो. तो बदलावाच लागतो.

गेल्या पावसाळ्यात आमचा खटका वर करताच पडू लागला. हे सगळे ठाऊक असूनही मी तीनदा वर केला. चौथ्यांदा हात गेला तेव्हा बायको म्हणाली, “अहो, तो नाही म्हणतोय, ऐका की!” इलेक्ट्रिशियन मुलाने येऊन आधी सगळे प्लग काढायला लावले आणि खटका वर केला. राहिला. मग एकेक प्लग लावत गेला. गीझरची पाळी आली आणि खट्! आतली कॉइल फुटून पाण्याला लागली होती. गीझर भंगारात गेला. खटका अजून तोच आहे, 16 चा.