समुद्र कोणाचा?

आजचा विषय वरवर अर्थशास्त्राचा आहे. समुद्रातून उत्पन्न वाढवायचं, किनाऱ्यावरच्या माणसाच्या हाताला काम द्यायचं आणि तरीही समुद्र टिकवायचा. याला हल्ली 'नील अर्थव्यवस्था' असं नाव आहे. पण त्या नावाखाली एक जुना प्रश्न दडलेला आहे आणि आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं त्याच्याच मागे लागणार. प्रश्न असा : समुद्र कोणाचा?

१६०९ साली ह्यूगो ग्रोशियस या डच विचारवंताचा 'मारे लिबेरम', म्हणजे 'मुक्त समुद्र', हा छोटा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचा युक्तिवाद थोडक्यात सांगतो. एकाने वापरल्यामुळे जी वस्तू दुसऱ्याला कमी पडत नाही, तिच्यावर मालकी सांगण्याचं कारणच नाही. समुद्र तसा आहे, म्हणून तो सर्वांना मोकळा. शिडाच्या होड्यांच्या काळात हे पटण्यासारखंच होतं. पण या निष्कर्षाचा सगळा भार एका गृहीतकावर आहे, ते म्हणजे समुद्र संपत नाही. १९९२ साली कॅनडाला न्यूफाउंडलंडजवळची कॉड मासेमारी बंद करावी लागली. शतकानुशतकं चाललेला धंदा थांबला आणि हजारो कुटुंबांचा रोजगार गेला. गृहीतक पडलं की त्यावर उभा असलेला निष्कर्षही पडतो.

मासळीचा साठा म्हणजे बँकेतली ठेव समजा. दरवर्षी नवी पिल्लं होतात, वाढतात, ते व्याज. व्याजावर पिढ्यान् पिढ्या जगता येतं. मुद्दलाला हात लावला तर एखाद-दोन वर्षं चैन होते खरी, पण पुढे व्याजही आटतं. 'शाश्वत' या भारदस्त शब्दाचा अर्थ एवढाच.

मग माणसं मुद्दल का खातात? ती मूर्ख असतात म्हणून? नाही. 'मी सोडलेला मासा उद्या मलाच मिळेल' याची हमी नसते, म्हणून. तो शेजारची बोट उचलणार असेल तर मी का सोडू? गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली हाच पेच मांडला. त्यातून लोकांनी दोनच वाटा काढल्या : एक तर सरकारी दंडुका, नाही तर खासगी मालकी.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीने तिसरी वाट दाखवली. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तुर्कस्तानातल्या अलान्या इथल्या मच्छीमारांचं उदाहरण त्या देतात. तिथे हंगामाच्या सुरुवातीला मासेमारीच्या जागांसाठी चिठ्ठ्या टाकतात आणि मग प्रत्येक जण रोज एक जागा पुढे सरकतो. चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला येते, त्यामुळे दुसऱ्याच्या जागेत घुसणाऱ्याला इतरच अडवतात. म्हणजे नियम वापरणाऱ्यांनीच केलेला आणि राखणही त्यांचीच.

आपल्याकडे हे नवीन नाही. सिंधुदुर्गातली रापण बघा. होडीतून जाळं अर्धवर्तुळात टाकायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचे आणि मासळीचे वाटे करायचे. जाळं किनाऱ्यापुरतं आणि मिळकत अनेकांची. याउलट पर्ससीन जाळं बांगड्याचा किंवा तारलीचा अख्खा थवा एका फेरीत वेढू शकतं. म्हणून तर २०१६ साली महाराष्ट्र सरकारने या मासेमारीवर निर्बंध आणले. इथे पर्ससीनवाल्याला खलनायक ठरवणं सोपं आहे. पण त्याच्याही डोक्यावर कर्ज असतं आणि हप्ता थांबत नाही. वाद दोन माणसांमधला दिसतो, मूळ मात्र व्यवस्थेत आहे.

पावसाळ्याचंही तसंच. पूर्वी खवळलेला दर्याच माणसाला अडवत असे आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या बाहेर पडत. इंजिन आलं, वाऱ्याची भीती कमी झाली. जे काम निसर्ग करत होता ते कायद्याला करावं लागलं : यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै अशी बंदी. ताकद वाढली की संयम लिहून ठेवावा लागतो.

२०२३ साली पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच वर्षी पकडायच्या माशांचे किमान आकारही ठरले. पापलेटसाठी १३५ मिलिमीटर. त्याहून लहान मासा म्हणजे अजून एकदाही अंडी न घातलेलं पिल्लू. आता हा नियम फक्त मच्छीमाराने पाळायचा का? बाजारात तळहातापेक्षा लहान पापलेट स्वस्तात मिळालं म्हणून आपण पिशवीत टाकतो, तेव्हा मुद्दल आपणही खात असतो.

विकास म्हणजे जास्त मासे मारणं नव्हे, तर त्याच माशांचे जास्त पैसे किनाऱ्यावर राहणं. बंदरावर पुरेसा बर्फ, सुकवणाऱ्या आणि विकणाऱ्या बायकांना सावली, पाणी, स्वच्छ ओटे, ही साधी कामं आहेत. मासळी कुजली नाही की भाव पाडून विकावी लागत नाही. वेंगुर्ल्याला महिला बचत गटाने खाडीत कांदळवन सफारी सुरू केली. तिथे उभं झाडच उत्पन्न देतं, मग त्यावर कुऱ्हाड कोण चालवू देईल?

तेव्हा 'समुद्र कोणाचा?' याचं आमचं उत्तर असं : जो उद्याही त्याच किनाऱ्यावर राहणार आहे, त्याचा शब्द आधी. कोणतीही योजना आली, मग ते बंदर असो की मत्स्यशेती, तिला एवढंच विचारा : नियम ठरवताना त्या माणसाला बोलावलं होतं का, आणि मिळकतीत त्याचा वाटा किती?