बांध ओलांडणारा मांगूर

बाजारात 'थाई मांगूर' म्हणून विकला जाणारा मासा मूळचा आफ्रिकेचा. १९९० च्या दशकाच्या आरंभी तो बांगलादेशमार्गे चोरट्या वाटेने भारतात आला. कोंबड्यांची आतडी, खाटिकखान्यातील टाकाऊ मांस यांवरही तो झपाट्याने वाढतो. पाण्यातील प्राणवायू कमी पडल्यास पृष्ठभागावर येऊन थेट हवेतून श्वास घेतो. त्यामुळे घाण डबक्यातही दाटीवाटीने पोसता येतो. मत्स्यपालकाला मोह पडतो तो येथेच.

'आपले तळे, आपला मासा' हा हिशेब मात्र पावसाळ्यात चुकतो. ओल्या जमिनीवरून सरपटत हा मासा बांध ओलांडतो आणि ओढ्यातून नदी गाठतो. तेथे लहान मासे, बेडूक, किडे, जे सापडेल ते फस्त करतो. मीटरभराहून अधिक वाढणाऱ्या या भक्षकापुढे लहानखुरा देशी मांगूर कसा टिकावा? झळ बसते ती ज्याने हा मासा कधी सोडलाच नाही, त्या नदीकाठच्या भोयाला.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये परदेशी मांगुराच्या पालनाविरुद्ध आदेश दिल्यानंतर उजनीकाठच्या इंदापूर तालुक्यातही कारवाई झाली. पण तळे उपसले म्हणजे काम संपले, असे नाही. चिखलात दडून हा मासा तग धरतो. तळ पूर्ण वाळेपर्यंत थांबावे लागते.