विंचवाचा उतारा आणि पुराव्याची पारख

अलोरे, पोफळी, चिपळूणच्या पट्ट्यात गवताचा भारा उचलताना नाहीतर चिऱ्यांच्या ढिगात हात घालताना विंचू चावतो. मग ‘अमक्याने उतरवला आणि बरं वाटलं’ असं छातीठोकपणे सांगितलं जातं. बरं वाटलेलं असतंच. पण बहुतेक दंशांत नुसत्या वेदना असतात आणि त्या आपोआप ओसरतात. ज्यांचा विंचू कुणी उतरवला नाही, त्यांचं काय झालं?

हाच प्रश्न डॉक्टरांच्या औषधालाही विचारायला हवा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन लाल विंचवाच्या दंशावर वापरलं आणि मृत्यू खूप घटले. तुलना मात्र आधीच्या वर्षांतल्या रुग्णांशी होती. काळ बदलतो तसे रस्ते, वाहनं, उपचारही सुधारतात, त्यामुळे सगळं श्रेय एका गोळीला देता येत नाही. म्हणूनच २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेला त्यांचा अभ्यास मला मोलाचा वाटतो. कुणाला काय द्यायचं हे योगायोगावर सोडून ७० रुग्णांचे दोन गट केले. ३५ जणांना फक्त प्राझोसिन, ३५ जणांना सोबत प्रतिविषही. दहा तासांत पहिल्या गटातले ८ बरे झाले, दुसऱ्यातले ३२.

‘एवढ्याशा रुग्णांवरून काय कळणार?’ असं म्हणणं चूक आहे. इतका मोठा फरक निव्वळ योगायोगाने पडत नाही. मर्यादा वेगळ्या आहेत. कुणाला काय दिलं हे डॉक्टरांना माहीत होतं, आणि निकाल लवकर बरं होण्याचा होता, जीव वाचण्याचा नव्हे.

उलट, ट्युनिशियात आठशेहून अधिक रुग्णांवर झालेला अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ने छापला. त्यात प्रतिविषाचा फायदा दिसला नाही. अभ्यास मोठा, नियतकालिक नामांकित, म्हणजे प्रतिविष निरुपयोगी, असं मात्र नाही. तिथला विंचू वेगळा. शिवाय तीव्रता न पाहता रुग्ण घेतलेले, त्यांतल्या बहुतेकांना गंभीर विषबाधा नव्हतीच. जे तसेही बरे होणार, त्यांच्यात औषधाचा गुण दिसणार कसा? महाडचे रुग्ण घामाने निथळणारे, हातपाय गार पडलेले होते. आपल्याकडच्या डॉक्टरांनी समोरचा रुग्ण यांपैकी कुणासारखा आहे, हे आधी पाहावं.

आणि घरच्यांनी एवढंच करावं: दंशानंतर घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर उताऱ्यात वेळ घालवू नका. दंशाची वेळ लक्षात ठेवा आणि थेट रुग्णालय गाठा.