रॉड कुठल्या कंपनीचा?

तोरणमाळच्या डोंगरात पाय घसरून मांडीचं हाड मोडलं, तर दुखण्याइतकीच वाटही लांब असते. जिथं गाडी पोहोचत नाही अशा पाड्यांवरून बांबूची झोळी खांद्यावर घेऊन माणसं सडक गाठतात. गावात ग्रामीण रुग्णालय आहे, पण मोठ्या ऑपरेशनसाठी घाट उतरून शहादा, नंदुरबार, कधी नाशिक किंवा थेट सुरत. तिथं डॉक्टर सांगतात, रॉड टाकावा लागेल. घरचे विचारतात, किती लागतील? तो रॉड कुठल्या कंपनीचा, कुणी निवडला आणि का, हे मात्र कुणीच विचारत नाही.

खरं तर विचारायला हवं. ऑपरेशनच्या दिवशी इम्प्लांट विकणाऱ्याकडून वेगवेगळ्या मापांचे रॉड, प्लेट आणि स्क्रू भरलेले स्टीलचे डबे थिएटरात येतात. सांधा बदलायचा असेल तर अनेकदा कंपनीचा माणूसही हिरवे कपडे घालून आत उभा असतो आणि हवं ते माप पुढं करतो. वापरलं तेवढ्याचं बिल होतं, उरलेलं परत जातं. रुग्ण या वेळी भुलीखाली असतो. म्हणजे पैसे देणारा एक, निवडणारा दुसरा. आणि विकणाऱ्याचा सगळा जोर साहजिकच निवडणाऱ्यावर.

हा जोर अनेक रूपांत येतो. औषध कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी (एमआर) सॅम्पल आणि भेटवस्तू घेऊन येतात, परिषदेचा खर्च उचलला जातो, भाषणाचं मानधन मिळतं, सल्लागार म्हणून करार होतो. यातलं सगळंच गैर नाही. चांगला सर्जन कंपनीला चुका दाखवतो, नव्या सांध्याच्या रचनेत मदत करतो, त्याचा मोबदला घेतो. पण काम खरं होतं की नुसतं कागदावर, हे बाहेरच्याला कळायला मार्ग नसतो. अमेरिकेत 2007 साली खुब्याचे आणि गुडघ्याचे सांधे बनवणाऱ्या झिमर, डीपाय, बायोमेट आणि स्मिथ अँड नेफ्यू या 4 कंपन्यांनी 31 कोटी 10 लाख डॉलर भरून सरकारशी तडजोड केली. आपलेच सांधे वापरावेत म्हणून सर्जनना सल्लागार करारांच्या नावाखाली पैसे दिल्याचा आरोप त्यांच्यावर होता.

यातल्या डीपायचं नाव पुढं महाराष्ट्रातही गाजलं. जॉन्सन अँड जॉन्सनच्या या कंपनीचा एएसआर हा धातूचा कृत्रिम सांधा झिजून कोबाल्ट आणि क्रोमियम रुग्णाच्या रक्तात उतरत होतं. ऑगस्ट 2010 मध्ये कंपनीनं तो जगभरातून परत मागवला. भारतात या सांध्याची सुमारे 4,700 ऑपरेशनं झाली होती. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं त्याचा पाठपुरावा केला. केंद्रानं नेमलेल्या समितीचा अहवाल यायला मात्र 2018 उजाडलं, आणि तोवर यातल्या बहुसंख्य रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नव्हता. सांध्याच्या पाकिटावर बॅच नंबरचं स्टिकर असतं, ते केसपेपरवर चिकटवतात. तो केसपेपर हाती असेल, तरच आपल्या शरीरात नेमकं काय बसवलंय हे रुग्णाला सिद्ध करता येतं.

किमतींचंही तसंच. फेब्रुवारी 2017 मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणानं हृदयाच्या धमनीत बसवायच्या, औषधी लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपयांवर आणली. त्याआधी अशा स्टेंटसाठी लाखाच्या वर घेतले जात होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नेहमीच्या वापरातला गुडघ्याचा सांधा सरासरी 1,58,324 रुपयांवरून 54,720 वर उतरला. मधला पैसा वितरक आणि रुग्णालयांच्या साखळीत जिरत होता. पण डोंगरातल्या माणसाला लागतो तो साधा रॉड, साधी प्लेट. त्यांच्यावर अशी कमाल मर्यादा नाही. छापील किंमत वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही, एवढंच बंधन. मुळातच फुगवून छापलेल्या किमतीला त्याचा काय धाक?

डॉक्टरांना मिळणाऱ्या अशा पैशांविरुद्ध डॉक्टरांमधूनच आवाज उठला, हे आवर्जून सांगायला हवं. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना एका रुग्णाला तपासणीसाठी पाठवल्याबद्दल 1,200 रुपयांचा चेक आला. तो मुकाट्यानं वटवण्याऐवजी त्यांनी 2013 साली महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं तक्रार केली. पुण्याच्या 'साथी' संस्थेचे डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी डॉक्टरांनाच बोलतं करून हा व्यवहार पुस्तकात मांडला.

कायद्याचं जाळं मात्र विरळ आहे. डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटी, प्रवास, रोकड घेऊ नये, असा नियम डिसेंबर 2009 पासून आहे. तो घेणाऱ्याला लागू, देणाऱ्याला नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. उदय लळित आणि न्या. रवींद्र भट यांनी अशा भेटींवरचा खर्च दाखवून कंपनीला आयकरात सूट घेता येणार नाही, असा निकाल दिला. मार्च 2024 मध्ये औषध कंपन्यांसाठी आणि सप्टेंबरमध्ये वैद्यकीय उपकरणांसाठी आचारसंहिता आली. त्याच डिसेंबरात ॲबव्ही कंपनीनं 30 डॉक्टरांना पॅरिस आणि मोनॅकोला नेऊन सुमारे 1 कोटी 91 लाख रुपये खर्च केल्याचं उघड झालं, आणि सरकारनं कंपनीला समज दिली. समज! एवढ्या पैशात किती पाय उभे राहिले असते.

अमेरिकेत 2010 च्या कायद्यानं कंपन्यांना डॉक्टरनिहाय देणी जाहीर करावी लागतात, आणि कुणीही डॉक्टरचं नाव टाकून ती पाहू शकतं. महाराष्ट्रात 2017 साली माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखालील समितीनं कट प्रॅक्टिस, म्हणजे रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेण्याची पद्धत, रोखणाऱ्या कायद्याचा मसुदा तयार केला. तो विधिमंडळात आणावा, आणि कुठल्या कंपनीनं कुठल्या डॉक्टरला किती दिले याची मराठीतली यादी त्यात सक्तीची करावी. तोवर पिवळं रेशनकार्ड घेऊन घाट उतरणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवावं: महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसणाऱ्या ऑपरेशनच्या पॅकेजमध्ये इम्प्लांटही धरलेलं असतं. त्यासाठी वेगळे पैसे मागितले, तर योजनेच्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राकडं तक्रार करता येते.